एक रंधा मारू दे

मौलाचाचा कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलाखाली वाकून बघत. माणसांना सलाम नंतर. माझ्या साखरपुड्याला वडिलांनी त्यांना आग्रहाने नेलं, तर होणाऱ्या सासऱ्यांच्या दिवाणखान्यात पाऊल टाकताच हे गुडघ्यांवर बसले आणि डोकं टीपॉयखाली. सासऱ्यांना वाटलं पाहुण्यांचं काही पडलं. तेही वाकले, मग मेहुणा वाकला, मग मीही, कारण सगळे वाकलेत आणि आपणच ताठ बसलोय हे बरं दिसत नव्हतं. चाचा बाहेर आले, टोपी सरळ केली आणि म्हणाले, "वरनं सागवान, खालनं आंबा. पोरीला नाव न्हाय ठेवत हां मी. टीपॉयला ठेवतो." लग्न झालं. टीपॉयचा विषय मात्र आमच्या घरात अजून मिटलेला नाही.

"टेबलाचं तोंड गिऱ्हाइकाशी बोलतंय, पोट सुताराशी," असं ते म्हणायचे. सुतार म्हणून त्यांची हयात इथल्या एका कापडगिरणीच्या सुतारखात्यात गेली होती. गिरणी बंद पडली, भोंगा गेला, चाचांचं नाक राहिलं. लाकडाला रंधा मारायचा, निघालेलं सालपट बोटांत चुरगाळून हुंगायचं, जिभेच्या टोकाला लावायचं, उजेडात धरायचं आणि निकाल द्यायचा. सोलापुरातल्या वखारीवाल्यांचं एखाद्या लॉटवरून वाजलं की दोन्ही बाजू म्हणत, चाचाला बोलवा. ते येत, हुंगत, एक शब्द बोलत. त्यावर पुन्हा कुणी बोलायचं नाही, अशी रीत होती. निकालाचे ते काही घेत नसत. चहासुद्धा निकालानंतर. आधी प्यायला तर ज्याचा चहा त्याच्याकडे जीभ वळते म्हणत.

आमची गाठ मात्र माझ्या मूर्खपणामुळे पक्की झाली. नवी पेठेतल्या दुकानात वडील खाटा आणि कपाटं विकायचे. माझ्याकडे दुकान आल्यावर मी पाटी बदलून 'फर्निचर स्टुडिओ' केलं, काच लावली, काचेत दिवे लावले आणि बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून बारा खुर्च्या मागवल्या. पावतीवर होतं, 'इंडियन वॉलनट'. मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत सुटलो, अक्रोड आहे, अस्सल अक्रोड. चाचा वडिलांना भेटायला आले, सवयीने खुर्ची उलटी केली आणि विचारलं, "छोटे शेट, ह्याचं झाड बघायचं हाय का तुला?"

"काश्मीरला जावं लागेल चाचा."

"कायकू? चपला घाल."

माझा हात धरून त्यांनी मला भर दुपारी पेठेतून बाहेर काढलं आणि रस्त्याच्या कडेच्या एका शिरसाखाली उभं केलं. वाळक्या शेंगा वाऱ्याने खुळखुळत होत्या. "ह्येच तुझं इंडियन वॉलनट. परदेशात विकायला कुणीतरी शिरसाला अक्रोडाची टोपी घातली, आणि तू ती आपल्याच गावात परत आणलीस. बघ की, शेंगा वाजवून हसतंय तुला." मग माझं तोंड बघून म्हणाले, "लाकूड वाईट न्हाय. चांगलं लाकूड हाय. नाव खोटं हाय." मी त्यांना तिथेच, त्या झाडाखाली, दुकानात कामाला या म्हणालो. त्यांनी एक अट घातली: मी बनवलेल्या वस्तूच्या पोटाला खरं नाव लिहीन, वर तुला काय चिकटवायचं ते चिकटव.

आणि ते लिहीत. शिसपेन्सिलीने, देवनागरीत, गिरणीच्या रजिस्टरसारख्या अक्षरात. 'शिरस. बार्शी रोड.' 'साग, जुनी चौकट.' स्वतःचं नाव कधीच नाही. मी म्हणालो, सही तरी करा. तर म्हणाले, "बापाचं नाव लावतात लेकराला. मी दाई हाय."

अक्रोड हा त्यांचा खास विषय. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांच्या बाकाखाली बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता आणि त्यात जगभरच्या अक्रोडांच्या ढलप्या. स्वतः पुण्यापलीकडे गेले नव्हते. पण गल्लीतलं कुणी परदेशी निघालं की हे दारात हजर. "येताना चाकलेट नक्को. अक्रोडाची ढलपी आण." कॉम्प्युटरवाली पोरं तिकडच्या सुतारांच्या दारात जाऊन भंगार मागत असतील, त्यांना किती लाज वाटत असेल कोण जाणे, पण आणत.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की डबा उघडायचा. वधूवर मंडळात फोटो मांडावेत तशा ते ढलप्या ओळीने मांडत. "हा काश्मीरवाला. राखी अंगाचा, काळ्या रेघा, नाजूक. कोरायला बसलास तर लोण्यावानी. ह्याचं बुंध्यापेक्षा मुळाकडचं लाकूड भारी, गडद. हा अमेरिकावाला. दांडगा. चाकलेटी, आणि तिरपा धर, जांभळी झाक दिसती का? हाबी अमेरिकेचाच, पण पांढरा भाऊ, हलका, नखानं ओरखडा उठतोय. ह्याला कुणी विचारत न्हाय बिचाऱ्याला. हा पेरू देशाकडचा, सगळ्यांत काळा, सरळ रेघेचा, गुपचूप मानूस. हा जपानवाला, फिका." मग एक ढलपी ते बाजूला ठेवत. "आणि हा आफ्रिकेचा. दुकानात अक्रोड म्हणून बसतोय, हाय महोगनीच्या घरातला. तुझ्या खुर्च्यांचा मावसभाऊ."

डब्यात एक काळपट, तेल मुरलेला काठीचा तुकडाही होता. गिरणीच्या मागावर धोट्याला ठोसा देऊन इकडून तिकडे फेकणारी काठी असते, तिचा. "ही हिकरी. अक्रोडाची सख्खी चुलत बहीण. सोलापूरच्या हजार चादरी हिनं ढकलल्यात. अक्रोडाच्या खानदानातलं खरं रगत आपल्या गावात आलं ते हे. बाकी सगळं तुझ्या पावतीवर."

या माणसाने अक्रोडाचं उभं झाड जन्मात पाहिलं नव्हतं. मी एकदा नर्सरीतून अक्रोडाचं म्हणून रोप आणलं, दुकानामागे लावलं, त्याला बर्फाचं पाणी घातलं, काश्मीरचं वाटावं म्हणून. पाच पानं आली तेव्हा चाचांनी निकाल दिला, "देशी बदाम हाय." रोप मी उपटलं नाही. आता ते दुमजली झालंय आणि दुकानाच्या गच्चीवर वटवाघळांची मेजवानी असते.

इथवर हसण्यासारखं आहे. मी ते खूपदा सांगितलंय आणि लोक खूपदा हसलेत. त्यातच माझा घात झाला. खरं तर माझा नाही, त्यांचा.

होटगी रोडला डोळ्यांच्या एका डॉक्टरबाईंनी दवाखाना काढला. त्यांना टेबल हवं होतं, अमेरिकन अक्रोडाचं आणि अस्सल. मी बंदरातल्या व्यापाऱ्याकडून फळ्या मागवल्या. चाचांनी प्रत्येक फळी हुंगली, दोन परत पाठवल्या आणि बाकीच्यांवर दोन महिने राबले. रंग लावायचा नाही, फक्त तेल, ही त्यांची जिद्द. टेबल झालं ते असं, की उचलून नेताना हमालसुद्धा हळू बोलत होते. पोटाला लिहिलं होतं, 'अक्रोड काळा. अमेरिका.' टेबल पश्चिमेच्या मोठ्या काचेच्या खिडकीशी बसलं. बाई खूश, मी खूश, आणि बाईंच्या भावाने पुढे बांधायच्या बंगल्याचं सगळं लाकूडकाम मला देऊ केलं म्हणून मी जरा जास्तच खूश.

दोन उन्हाळे गेले. आमचे उन्हाळे. मग बाईंचा फोन आला. त्यांनी टेबलावरची जाड पुस्तकं हलवली होती. पुस्तकांखाली गडद चाकलेटी चौकोन, आणि भोवतीचं सगळं टेबल मधाच्या रंगाचं, फिकट. "रंग उडालाय," बाई म्हणाल्या. "तुम्ही तर रंग लावलाच नाही म्हणाला होतात."

मी चाचांना घेऊन गेलो. ते वाकले, वरून हात फिरवला आणि चक्क हसले. "उजळलंय! अक्रोड असंच करतंय बाई. बाकीची लाकडं उन्हानं काळवंडतात, साग बघा, शिरस बघा. ह्याचं उलटं. ह्ये उन्हात उजळतंय. खरं हाय म्हणून उजळलंय."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चाचांकडे बघितलं. लाकूड जुनं झालं की गडद होतं हे मला दुकानात जन्मल्यापासून ठाऊक होतं. उन्हात गोरं होणारं लाकूड मी ऐकलं नव्हतं. मी म्हटलं, "चाचा, काहीतरीच काय?"

ते शांतपणे पिशवीतून छोटा रंधा काढत होते. "बाई, एक रंधा मारू दे. कोपऱ्यात, एकच. रंग लावलेला आसंल तर वर फिकं, आत त्याहून फिकं. खरं आसंल तर आत काळं निघंल. एक रंधा."

"टेबलाला ओरखडा? अजिबात नाही," बाई म्हणाल्या.

"शेट, तू सांग की ह्यांना."

माझ्या डोळ्यांपुढे बाईंच्या भावाचा बंगला होता, आता कुठे बांधायला घेतलेला. त्यातलं स्वयंपाकघर, जिना, चार खोल्यांची कपाटं. मी चाचांच्या खांद्यावर हात ठेवला आणि अत्यंत प्रेमळ आवाजात, तो आवाज मला अजून आठवतो, म्हणालो, "मॅडम, चाचांचा काही दोष नाही. वय झालंय. नजर पहिल्यासारखी राहिली नाही. व्यापाऱ्याने रंगवलेली फळी दिली, यांच्या लक्षात आलं नसेल. मी टेबल पुन्हा गडद करून देतो."

बाई बिचाऱ्या चांगल्या. त्यांना लगेच कणव आली. त्यांनी चाचांना दिव्याच्या यंत्रासमोर बसवलं, हनुवटी टेकवायला लावली, डोळ्यांत बघितलं आणि म्हणाल्या, "थोडा मोतीबिंदू आहेच. बाबा, ऑपरेशन करून घ्या, मी तुम्हाला सवलत देईन." चिठ्ठी लिहिली. ती लिहिली त्याच टेबलावर, त्या गडद चौकोनात कागद ठेवून. चाचांनी चिठ्ठी दोन्ही हातांनी घेतली. माणसाने आयुष्यभर नाकाने आणि जिभेने लाकूड ओळखलं, आणि मी त्याला डोळ्यांवरून बाद केलं होतं.

रिक्षात ते एवढंच म्हणाले, "एक रंधा मागितला होता शेट. जास्त न्हाय मागितलं."

टेबल गडद करायला मी त्यांनाच सांगितलं. आता विचार करा, केवढा मी शहाणा. त्यांनी बाकावरची हत्यारं एकेक पुसून पिशवीत भरली. "अक्रोडाला अक्रोडाचा रंग मी न्हाय फासणार. दुसरा बघ." दुसरा पॉलिशवाला मिळाला. त्याने दोन दिवसांत टेबलाला असं वॉलनट बनवलं की मी सुखावलो. चाचा गेले ते डबा घेऊन. मला वाटलं, रुसलेत, येतील.

आले असते कदाचित. पण तोवर मी किस्सा सांगितला होता. वखारीसमोर चहाची टपरी आहे, लाकूडवाले सगळे तिथे जमतात, आणि मी तिथला नावाजलेला किस्सेबाज. मी चाचांची नक्कल केली. गुडघ्यांवर बसलो, टपरीच्या बाकावर हात फिरवला आणि त्यांच्या आवाजात म्हणालो, "उजळलंय! खरं हाय म्हणून उजळलंय!" लोकांना ठसका लागला. शिवप्पा वखारवाला म्हणाला, "मग आमच्या पोराला पण उन्हात ठेवा की ओ, लग्नाचा आहे, गोरा होईल." पुन्हा हशा. मग दर आठवड्याला कुणीतरी फर्माईश करायचं, शेट, ते उन्हाचं होऊ द्या. मी होऊ देत असे. दर खेपेला थोडं वाढवून.

त्यानंतर लॉटवरून वाद झाला की चाचांना कुणी बोलावेना. कुणी ठरवून बंद केलं नाही. एकाने दुसरीकडून मत घेतलं, दुसऱ्याने मोबाईलवर फोटो पाठवला. चाचा टपरीवर आले तर पोरंसोरं नाही, चांगली मिशीवाली माणसं सावलीतून उठून उन्हात जाऊन बसत आणि गाल पुढे करत. दोनदा आले असतील. मग येईनात. पुढे ऐकलं की एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात ते खोकी ठोकायला जातात. खोक्याचं लाकूड कुणी हुंगत नाही.

दीड-दोन वर्षांनी दुकानाची पाटी पुन्हा बदलायची माझ्या डोक्यात आली. आताची पाटी मी बाईंचं टेबल झालं तेव्हा त्याच फळ्यांतल्या उरलेल्या एका तुकड्याची नव्याने केली होती, स्वतःच्या हाताने, नुसतं तेल लावून, वर पितळी अक्षरं ठोकून. ती पश्चिमेला तोंड करून उन्हात होती. मी शिडीवर चढून अक्षरं उपटायला लागलो. एकेक अक्षर निघालं तसं खाली तेच अक्षर गडद चाकलेटी रंगात उमटलेलं. भोवतीची फळी मधाच्या रंगाची. या फळीला रंग लावायला ना कुठला व्यापारी आला होता ना चाचा. मी एकटाच होतो.

फळी आत नेली. चाचांच्या रिकाम्या बाकावर ठेवून कोपऱ्यात एक रंधा मारला. एकच. आतून काळं निघालं, जांभळी झाक असलेलं.

मी विजापूर वेशीत त्यांच्या घरी गेलो. चाचा खाटेवर पडले होते. दम्याने छाती घरघरत होती. त्यांच्या सुनेने पाणी दिलं. मी फळी पुढे केली. त्यांनी ती हातातसुद्धा घेतली नाही.

"चाचा, तुम्ही खरे होतात."

"मला काय सांगतोस? मला ठाव होतंच की." ते माझ्याकडे कुशीवर वळले. "शेट, किस्सा तू सांगितलास. आता हाबी तूच सांग. त्याच टपरीवर, त्याच मंडळींत. आणि त्या बाईला. बस. दुसरं काय नक्को."

"उद्याच सांगतो."

"उद्याच नक्को म्हणू. सांग."

मी गेलो टपरीवर, खोटं नाही. तीनदा गेलो. पहिल्यांदा तोंड उघडलं तर शिवप्पा म्हणाला, "आला, आला, शेट आला, काय नवीन?" आणि मंडळी गुडघे सरसावून बसली. त्यांचे चेहरे आधीच हसायला तयार. मी बर्फाच्या पाण्याचा आणि देशी बदामाचा किस्सा सांगितला. दुसऱ्यांदा साखरपुड्याचा. तिसऱ्यांदा, लाज वाटते, पण उन्हाचाच सांगितला, कारण फर्माईश आली आणि माझ्या गुडघ्यांना सवय होती. डॉक्टरबाईंकडे तर मी गेलोच नाही. भावाच्या बंगल्याचं काम चालू होतं. काम संपलं की सांगू, असं ठरवलं. त्यांच्या जिन्याच्या कठड्यावरून हात फिरवताना मला रोज चाचा आठवायचे. रोज मी उद्या म्हणायचो.

बंगल्याची वास्तुशांत झाली त्याच आठवड्यात सुनेचा फोन आला. चाचा सकाळी गेले. दुपारच्या नमाजानंतर दफन होतं.

कब्रस्तानात माणसं जेमतेम होती. गिरणीतले दोन म्हातारे, गल्लीतली मंडळी, टॉवेलच्या कारखान्यातले चौघे. लाकूडवाल्यांतून एकटा शिवप्पा आला होता. मीही मूठभर माती टाकली. बाहेर आलो तर शिवप्पा चपला शोधत होता. म्हणाला, "माणूस सोन्यासारखा होता ओ. शेवटी लाकडाची पारख गेली, एवढंच."

"शिवप्पा, ते खरे होते," मी म्हणालो.

"कशात?"

"त्या टेबलात. अक्रोड उन्हात उजळतंच. मी स्वतः रंधा मारून बघितला. आत काळं होतं. ते टेबल अस्सल होतं आणि मी त्यावर रंग फासला. माझं चुकलं होतं, त्यांचं नाही. तेव्हा त्यांनी एकच रंधा मागितला होता, तो मी मारू दिला नाही."

शिवप्पा एका पायात चप्पल घालून थांबला. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. त्याच्या मिशीखाली ओठ हळूहळू पसरायला लागले. टपरीवर माझी गोष्ट रंगात आली की तो असाच बघत बसायचा.

"बरं," तो म्हणाला. "मग? पुढं?"

"पुढं काही नाही," मी म्हणालो.

कब्रस्तानाच्या दारात मोठ्याने हसू नये म्हणून त्याने तोंडावर रुमाल धरला.